गल्ली टाळून गेलेले मास्तर

शिंपीमास्तरांना तरुणपणी फिट यायची. डॉक्टरांनी गोळी लावून दिली आणि तेव्हापासून फिटनं घराकडं ढुंकून पाहिलं नाही. मास्तर बिनघोर मशीनवर बसायचे. पण गोळी चुकली तर एक दिवस कापडाऐवजी बोटच सुईखाली जाईल, ही भीती मनात होतीच.

आता लेकीच्या गावी बिऱ्हाड हलवलं. आल्या-गेल्याला सांगून झालं, फक्त डॉक्टरांना नाही. मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक चौकातल्या दुसऱ्या शिंप्याकडं जायला लागलं की दुकानावरून मान फिरवून जायचं आणि मास्तरांना दोन घास कमी जायचे. आता आपणच डॉक्टरांना सोडून चाललो, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं? निघायच्या दिवशी मास्तर दवाखान्याची गल्ली टाळून सटकले. सोबत ना फाईल, ना चिठ्ठी.

त्यात बायकोनं सामान बांधताना जागा वाचावी म्हणून दोघांच्याही सगळ्या गोळ्या पाकिटांतून सोलून बटणांच्या डबीत भरल्या.

नवी डॉक्टरीण लेकीच्याच वयाची. तिनं डबी टेबलावर उपडी केली. "यातली फिटची कुठली?"

"ती पांढरी," मास्तर म्हणाले.

"सगळ्याच पांढऱ्या आहेत, काका."

"जराशी जाड आहे ती," बायको म्हणाली.

"काकू, ते बटण आहे." डॉक्टरीण गालात हसली, मग हसू आवरून म्हणाली, "अंदाजानं मी गोळी देणार नाही, आणि चुकवूनही चालायचं नाही. जुन्या डॉक्टरांचा नंबर सांगा."

"त्यांना कशाला त्रास?" मास्तर पुटपुटले.

बायकोनं त्यांच्याकडं निरखून पाहिलं. "अहो, न सांगताच आलात की काय? आणि न सांगता गेलेल्या गिऱ्हाइकांना जन्मभर शिव्या घातल्यात."

नंबर तिनंच दिला. डॉक्टरिणीनं फोन लावला, मास्तर समोर बसल्याचं सांगितलं आणि स्पीकर चालू करून तो टेबलावर ठेवला.

"पोचले का पळपुटे?" पलीकडून आवाज आला. "मास्तर, मी काय तुम्हाला दोरीनं बांधून ठेवणार होतो?"

"तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून..."

"वाटलंच. गेलात म्हणून नाही, न सांगता गेलात म्हणून. तुम्ही निघाल्याचं कानावर आलं होतं, फाईल काढून वाट बघत बसलो होतो मी."

मग त्यांनी गोळीचं नाव सांगितलं, किती घ्यायची ते सांगितलं, कागदांचे फोटोही लगेच पाठवले. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

"आता माझ्या पँटी कोण शिवणार?" डॉक्टरांनी विचारलं.

"चौकातला शिवेल," मास्तर म्हणाले. त्याचा विषय काढताना त्यांना फारसं जड गेलं नाही. "फक्त कंबर दोन बोटं सैल ठेवायला सांगा. जेवल्यावर तुमची तक्रार असते. उरलेली मापं मीच त्याला फोन करून सांगतो."

बाहेर औषधाच्या दुकानात गोळ्यांचं पाकीट हातात पडलं. बायकोनं पिशवीत टाकायला हात पुढं केला.

"राहू दे," मास्तर म्हणाले आणि पाकीट स्वतःच्या खिशात घातलं. "तू बटणं सांभाळ."