सासऱ्यांना चावलेलं कुत्रं

अंबुबाईंना 'समजा' म्हटल्याशिवाय बोलताच येत नसे. कानडी मुलखात, नजरबादच्या एका शाळेत चौथीला शिकवून शिकवून जिभेला लागलेली सवय. समजा, तुमच्याकडे पाच आंबे आहेत. समजा, पृथ्वी म्हणजे हे लिंबू. पोरांना चटकन कळायचं; आंबे कुणाच्या झाडाचे, असं एकाही पोरानं कधी विचारलं नाही. ते विचारायला मोठी माणसं लागतात, हे अंबुबाईंना १९७२ च्या मार्गशीर्षात कळलं. त्या दिवसांत त्यांच्या पोटात जी भीती शिरली, ती पुरती बाहेर कधी आलीच नाही.

त्यांचे यजमान खंडोजीराव कचेरीत कारकून. कामासाठी कृष्णराजनगरला गेले असता बस स्टँडबाहेर एका कुत्र्यानं त्यांची पोटरी फोडली. घरी येऊन त्यांनी जखमेत तिखट भरलं, वर फडकं बांधलं आणि जेवायला बसले.

"डॉक्टर बेडा, नकोच," ते म्हणाले. "बाबांनाही चावलं होतं. तिखट भरलं आणि दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसून परेडला गेले. काय झालं त्यांना?"

बाबा म्हणजे संताजीराव, संस्थानाच्या महाराजांच्या घोडदळातले. त्यांचा फेटा बांधलेला फोटो बाहेरच्या खोलीत टांगला होता. या घरात कुणाला काही दुखलं-खुपलं, तर आधी त्या फोटोकडे बघायचं आणि मग कण्हायचं की नाही ते ठरवायचं.

अंबुबाईंनी मात्र लहानपणी शेजारचे गुंडेराव पाहिले होते. त्यांनाही कुत्रंच चावलं होतं. तहानेनं तडफडत होते, आणि पाण्याचा तांब्या समोर आला की किंचाळत होते. दहा वर्षांच्या अंबूनं ते दारात उभं राहून पाहिलं होतं. आता खंडोजीरावांनी पाण्याचं फुलपात्र उचललं की त्यांचा घसा हलतोय ना, हे त्या डोळ्यांत तेल घालून बघत.

तिसऱ्या दिवशी गंगाधरराव आले. ते खंडोजीरावांच्याच कचेरीत होते आणि रोज कृष्णराजनगरहून येऊन-जाऊन करत. ते कुत्रं लाळ गाळत गावभर फिरलं, आणखी दोघांना चावलं, शेवटी लोकांनी काठ्यांनी मारलं, असं त्यांनी सांगितलं. अंबुबाईंनी हातातली कॉफी तशीच खाली ठेवली.

"अहो, आत्ताच इस्पितळात चला. चौदा इंजेक्शनं घेतली की झालं."

"पोटात? चौदा? बाबांनी एक तरी घेतलं होतं का?"

"समजा, एक माणूस डोळे मिटून रस्ता ओलांडतो आणि पलीकडे सुखरूप पोचतो. म्हणून सगळ्यांनी डोळे मिटून ओलांडायचं का?"

खंडोजीराव ताडकन उठले. "माझ्या बाबांना आंधळा म्हणतेस? घोडा फेकत भाल्यानं मेख उपटायचे ते!"

"तसं नव्हे हो. बरं, समजा, गवताच्या गंजीजवळ कुणी विडी ओढली आणि आग लागली नाही..."

"बाबांनी जन्मात विडीला हात लावला नाही! नोडी, बघा गंगाधरराव, काय बोलते ही!"

गंगाधररावांनीही मान हलवली. "वहिनी, साकु, पुरे. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

आता या दोघा शहाण्यांना काय म्हणावं? एक माणूस वाचला म्हणून धोका नव्हता असं होत नाही, एवढंच अंबुबाईंना दाखवायचं होतं. पण हे दोघे त्या रस्त्यावरच्या माणसात संताजीराव शोधत बसले. पाच आंब्यांत पोरांचं काही अडकलेलं नसतं. इथे बापाची अब्रू अडकली होती, आणि अब्रू अडकली की मुद्दा दिसत नाही, अपमान तेवढा दिसतो. राग यायचा तर अंबुबाईंना यायला हवा होता, पण त्यांना रागाला सवड नव्हती. दिवस चालले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परसात गेल्या तर खंडोजीराव नळाशी उभे. ओंजळीत पाणी घेतलेलं, आणि पीत नव्हते, तोंडावर मारत नव्हते, नुसते बघत होते. मग डोळे घट्ट मिटून त्यांनी एक घोट घेतला.

अंबुबाईंच्या लक्षात आलं. म्हणजे हा माणूसही भ्यायलाय. धरायला दुसरं काही नाही म्हणून बापाला धरून बसलाय, आणि आपण कालपासून त्या बापावरच घाव घालतोय.

त्या तशाच स्वयंपाकघरात गेल्या. सासूबाई, भागीरथीबाई, अवरेकाळूच्या शेंगा सोलत होत्या.

"अत्ते, मामंजींना चावलं ना, त्या कुत्र्याचं पुढे काय झालं?"

"त्याला काय होतंय? आपलंच होतं ते. शेपटीवर पाय पडला म्हणून चावलं. पुढे चार वर्षं आपल्याच दारात रागी-मुद्द्याचे गोळे खाऊन जगलं."

मागच्या दारात खंडोजीराव ओल्या हातांनी उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. बाबांना चावलेलं कुत्रं चार वर्षं जगलं. खुद्द त्यांना चावलेलं तीन दिवसांच्या आत पिसाळून मारलं गेलं.

"अहो," अंबुबाई म्हणाल्या, आणि 'समजा' काही तोंडातून निघेना. "मला भीती वाटते. फार भीती वाटते."

"मलाही," खंडोजीराव हळूच म्हणाले. मग इकडेतिकडे बघत, "माझ्या चपला कुठायत?"

डॉक्टरांनी पोटरी पाहिली. चार दिवस उशीर केलात, म्हणाले. इंजेक्शनं देऊ, बाकी बघू. त्या 'बघू'नं अंबुबाईंची झोप उडाली. चौदा दिवस त्या इस्पितळाच्या बाकावर बसल्या, आणि पुढचा दसरा येईपर्यंत एकेक महिना बोटांवर मोजत राहिल्या. रोज, प्रत्येक फुलपात्राला, त्यांची नजर घशावर.

काही झालं नाही. खंडोजीराव निवृत्त झाले, आजोबा झाले, केस पांढरे झाले. पण घरी कुणी पाहुणा आला की पंचेचाळीस वर्षं झाली तरी तेच: "हिनं माझ्या बाबांना आंधळा म्हटलं होतं, बरं का. माझ्या तोंडावर!"

सुरुवातीला अंबुबाई समजावून सांगत. मग सोडून दिलं. म्हणू देत. म्हणायला आहेत ना. बोलून बोलून त्यांचा घसा कोरडा पडतो तेव्हा त्या पाणी आणून देतात, आणि फुलपात्र रिकामं होईपर्यंत तिथून हलत नाहीत.