सामाईक भिंतीची संमती

अम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आमच्या दोन खोल्यांत तिचा पलंग, वॉकर आणि आम्ही तिघं मावेनासे झालो. वर एक खोली काढायचं ठरलं. हडपसरचं आमचं घर रांगेतलं. एका बाजूची भिंत आमची आणि शेजाऱ्यांची एकच. आर्किटेक्ट म्हणाले, "नकाशा मंजुरीला टाकतो, पण शेजाऱ्यांची लेखी संमती घेऊन ठेवा."

शेजारी विदर्भातून येऊन इथे स्थायिक झालेले, कारखान्यातून निवृत्त. अब्बा संमती मागायला गेले. "विचार करून सांगतो, चाचा," एवढं बोलून त्यांनी दार लावलं. इतक्या वर्षांत त्यांनी अब्बांना चहा न देता परत पाठवलं नव्हतं.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं ते मागच्या बोळात. हातात टेप. भिंत मोजत होते. मला बघताच टेप खिशात गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या गच्चीचे फोटो काढताना दिसले.

"ते आपली तक्रार करणार," मी म्हणाले.

"आपलीच का?" अम्मीने विचारलं. तिला काय म्हणायचं होतं ते आम्हाला कळलं. संध्याकाळी तिने त्यांच्याकडे ठेवलेली आपल्या घराची किल्ली मागवून घेतली. त्यांच्या सूनबाईंनी ती देताना माझ्याकडे असं पाहिलं, की संशय आम्हालाच नाही हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

मग महापालिकेचा अभियंता पाहणीला येणार असल्याचा निरोप आला. त्या सकाळी शेजारी स्वतःच फाटकाशी उभे राहिले.

"चाचा, खरं सांगा. मोजणीवाल्याला माझ्या घरावर आणताय ना?"

अब्बा चक्रावले. "भाऊ, तुमच्या घराशी आमचं काय काम?"

मग सगळं बाहेर आलं. त्यांनी स्वयंपाकघर मागे वाढवलं होतं, परवानगीशिवाय. ते आपल्याच हद्दीत आहे का, हे ते टेपने तपासत होते. गच्चीचे फोटो काढले होते, ते आम्ही त्यांच्याविरुद्ध गेलो तर आमच्याही बांधकामातली खोट दाखवायला म्हणून.

"म्हणजे तुमची तयारी होतीच," मी म्हणाले.

"तुमची नव्हती?" ते म्हणाले.

अभियंता आला. आमची मोजमापं घेऊन बोळात गेला आणि शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या पत्र्याकडे बोट करून म्हणाला, "हे वाढीव कुणाचं?"

शेजारी खिडकीत होते. अब्बा शांतपणे म्हणाले, "साहेब, अर्ज आमच्या घराचा आहे. आमचं बघून घ्या."

अभियंत्याने एकदा अब्बांकडे, एकदा खिडकीकडे पाहिलं आणि कागद मिटले.

दुपारी शेजारी सही केलेलं संमतीपत्र घेऊन आले. अम्मीने ते चष्मा लावून दोनदा वाचलं, मग मला बाजूला घेऊन विचारलं, "ही त्यांची खरी सही आहे ना?" मी त्यांची जुनी सही कधी पाहिलीच नव्हती. तरी हो म्हणाले.

मंजुरी आली, खोली झाली. मी आता वर झोपते. किल्ली मात्र अम्मीने पुन्हा त्यांच्याकडे दिलेली नाही, आणि त्यांनीही ती मागितलेली नाही.