खाकी कव्हरातली लाज

"आरटीईची मुलं, लायब्ररीत या."

फळ्याच्या वर स्पीकर होता. दर गुरुवारी त्यातून हे वाक्य वर्गात पडायचं. भूगोल चालू असो, गणित चालू असो. आम्ही चार-पाच जण उठायचो. बाकीचा वर्ग बसून राहायचा आणि बघायचा. वह्या उचलताना एखादा मागून हळूच म्हणायचा, "खाकी चालले."

मी आठवीत होते. पुण्यात बिबवेवाडीतली इंग्रजी शाळा. गेटवर दोन वॉचमन, आत हिरवळ, हिरवळीवर चालू नये अशी सूचना. आरटीई म्हणजे गरिबाघरच्या पोरांसाठी कायद्यानं राखलेल्या जागा. पहिलीला लॉटरीत माझं नाव लागलं तेव्हा आईनं सगळ्या चाळीत पेढे वाटले होते. शाळेनं काही वाटल्याचं मला आठवत नाही.

लायब्ररीत काउन्सेलर मॅडम वाट बघत असायच्या. हातमागाची साडी, मोठे मातीचे कानातले, आवाज इतका मऊ की ऐकणाऱ्याला आपण आजारी आहोत असं वाटावं. "या बाळांनो," म्हणायच्या. आम्हाला गोल करून बसवायच्या. मग कपाटाचा एक खण उघडायच्या. तो खण फक्त आमचा.

त्या खणात स्वतःला स्वीकारायची पुस्तकं होती. मी कशीही असले तरी चांगली आहे, मी वेगळी आहे पण कमी नाही, माझीही एक जागा आहे, अशी. प्रत्येकाच्या नावात एक 'मी' आणि शेवटी एक उद्गारचिन्ह. लायब्ररीतल्या बाकी सगळ्या पुस्तकांना पारदर्शक प्लास्टिक होतं. आमच्या पुस्तकांना खाकी कव्हर. मॅडमनी स्वतः बसून घातलं होतं, सेलोटेप लावून, कोपरे दुमडून.

"वर्गात घेऊन जाताना तुम्हाला ऑकवर्ड वाटू नये म्हणून," त्या म्हणाल्या होत्या. "नाव दिसायला नको कुणाला."

नाव कुणाला दिसलं नाही. खाकी कागद अख्ख्या शाळेला दिसला. आठवडाभरात आमचं नाव पडलं. मॅडमना हे कुणी सांगितलं नाही असं नाही. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुलं आहेत गं ती. तू मनावर घेऊ नकोस. हेच तर आपण शिकतोय ना?"

म्हणजे चिडवायचं त्यांनी, आणि शिकायचं आम्ही.

रेवा माझ्याच वर्गात होती. तिच्या घरी माझी आई पोळ्या करायला जायची. मधल्या सुट्टीत रेवा डबा उघडायची, मऊसूत पोळी, चार पदर सुटलेली. मला लांबून कळायचं, आज आईनं तेल जरा जास्त लावलंय. ती पोळी रेवा चवीनं खायची. माझ्या शेजारी मात्र बसायची नाही. बाईंनी बसवलंच तर आमच्या दोघींच्या मध्ये दप्तर ठेवायची. माझ्या आईच्या हातचं तिच्या पोटात चालायचं, मी तिच्या बाकावर चालत नव्हते.

"ए खाकी," ती म्हणायची, "आज काय ॲक्सेप्ट केलंस?"

मग सगळी हसायची. रेवाला कुणी कधी कुठल्या गोलात बसवलं नाही.

त्यातल्या एका पुस्तकाची गोष्ट अजून लक्षात आहे. एक मुलगी नव्या शाळेत येते. तिच्याशी कुणी खेळत नाही. ती रडते. मग एक चिमणी की खार तिला सांगते, तू स्वतःवर प्रेम कर. ती करते. दुसऱ्या दिवशी सगळी मुलं पळत येतात आणि तिला खेळायला घेतात. संपलं. काल का घेत नव्हती, हे त्या मुलांना लेखिकेनं एका वाक्यानंही विचारलं नव्हतं. चित्रं सुरेख होती. आम्ही वर्षभर गुरुवारी गुरुवारी स्वतःवर प्रेम करत होतो. खेळायला कुणी घेतलं नाही.

गोलात मॅडमचा एक ठरलेला प्रश्न असायचा. "तुम्हाला स्वतःबद्दल काय आवडत नाही? मोकळेपणानं बोला."

पहिल्या वेळी मी म्हणाले, "असं काही नाही, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे फार मायेनं बघितलं. "हे डिनायल असतं बाळा. वेळ घे. बोलशील हळूहळू."

पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच. शेवटी मला कंटाळा आला आणि मी म्हणाले, "केस." बिचारे माझे केस. आई रोज तेल लावून घट्ट दोन वेण्या घालायची, मला आवडायचे ते. पण मॅडमना इतका आनंद झाला! डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि केसांवरचं एक पुस्तक खणातून काढून दिलं. केसांवरही होतं त्यांच्याकडे.

वाईट माणसाला उलट उत्तर देता येतं. या असल्या चांगल्या माणसांचं काय करायचं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मग वाचन दिन आला. शाळेत मोठा कार्यक्रम ठरला. पालक येणार, ट्रस्टी येणार. मॅडमनी मला बोलावून घेतलं. "तू बोलायचंस. तुझा प्रवास सांगायचास. मराठीतच सांग, तुमच्या भाषेत आलं की जास्त भिडतं."

माझा प्रवास म्हणजे घरातून निघायचं, ओढ्याच्या पुलावरून यायचं आणि शाळेत शिरायचं. तो सांगायला मिनिटभरही लागला नसता. पण त्यांनी प्रवास टाईप करून आणला होता.

"आणि ट्रस्टी समोर असतील," त्या म्हणाल्या. "तुझ्या नववीचं त्यांच्या कानावर घातलंय मी. छान बोल हं."

कायदा आठवीपर्यंतच. नववीपासून फी. ती भरणं आमच्या घराला बापजन्मात शक्य नव्हतं. आणि मला नववी त्याच शाळेत हवी होती. प्रयोगशाळेसाठी. नववीला सूक्ष्मदर्शक हातात मिळायचा. सातवीत एकदा दारातून पाहिलं होतं, मोठी मुलं कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवून बघत होती आणि एक मुलगी ओरडली होती, "अरे, विटा रचल्यात!" मला त्या विटा बघायच्या होत्या. दुसरं काही नको होतं मला त्या शाळेकडून. ते एवढं हवं होतं की मी तो कागद घरी नेला आणि पाठ करायला बसले.

आमचं मूळ वाशीमकडचं. वडील मार्केट यार्डात हमाल. बोलतो आम्ही घरात तिकडचंच. आई कणीक मळत होती. वडील नुकतेच कामावरून येऊन भिंतीला टेकले होते. मी उभी राहिले आणि म्हणायला लागले.

"आधी मला माझ्या घराची लाज वाटायची. माझ्या आईबाबांच्या कामाची लाज वाटायची. माझ्या रंगाची लाज वाटायची. मग या पुस्तकांनी माझा हात धरला…"

आईचे हात थांबले.

"कवा वाटे वं तुले लाज?"

"अगं, भाषण आहे ते."

"आमच्या कामाची वाटे?"

"नाही गं. कधीच नाही. तसं लिहून दिलंय."

"मंग हे लाज कोनाची हाय?"

आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. तिचा चेहरा असा झाला, की जणू आपल्याच घरात आपल्यामागे काही चाललं होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता. वडिलांनी भिंतीवर बघितलं. तिथे निळ्या कोटातला फोटो आहे, आमच्यासारख्या सगळ्या घरांत असतो तसा. माझ्या पणजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. लाज आपण तेव्हाच नागपूरच्या त्या मैदानात टाकून आलो, असं वडील नेहमी सांगतात. गावानं वाळीत टाकलं, विहीर बंद केली, पण ती परत उचलली नाही.

पणजोबांनी टाकून दिलेली ती लाज या बाईनं टाईप करून माझ्या दप्तरातून आमच्या घरी परत पाठवली होती. आणि मी ती पाठ करत होते. एका सूक्ष्मदर्शकासाठी. मला स्वतःची पहिल्यांदा लाज वाटली ती त्या संध्याकाळी, आणि तिच्यावरचं पुस्तक त्या खणात नव्हतं.

कार्यक्रमाला आई आली नाही. रेवाकडे पाहुणे होते, पोळ्या जास्त होत्या. रेवाची आई मात्र पहिल्या रांगेत होती. मॅडमनी माझ्या हातात एक खाकी पुस्तक दिलं. "छातीशी धर," म्हणाल्या. "फोटोत चांगलं येतं."

मी माईकसमोर गेले. ट्रस्टी हसून मान हलवत होते, मी अजून काही बोललेही नव्हते.

मी म्हणाले, "मला लिहून दिलेलं भाषण मी वाचणार नाही. त्यात लिहिलंय की मला माझ्या घराची लाज वाटायची. ते खोटं आहे. मला कधीच वाटली नाही. माझी आई रेवाच्या घरी पोळ्या करते. त्या पोळ्या रेवा खाते. माझ्या शेजारी बसायची लाज रेवाला वाटते. मग पुस्तक मला का?"

मग मी कव्हर काढायला लागले. मॅडमची सेलोटेप पक्की होती, निघेना. मी कागद फाडला. माईकमध्ये तो आवाज फार मोठा आला. आतून पिवळंधमक चित्र निघालं, हसणारी मुलगी, 'मी', उद्गारचिन्ह. पुस्तक तिथेच उभं करून ठेवलं आणि खाली उतरले.

मागून टाळ्या वाजल्या. पुण्यात भाषण संपलं की टाळ्या पडतात, काय बोलले ते नंतर विचारतात. पहिल्या रांगेत कुणी वाजवल्या नाहीत.

मॅडम रडल्या. "तू मला फार हर्ट केलंस," म्हणाल्या. त्यांच्याभोवती स्टाफरूम गोळा झाली. पाणी आलं, रुमाल आले, कुणी पाठीवर हात फिरवला. एका बाईच्या मनाला लागलं तर शाळा एवढी धावते, हे मला तोवर माहीत नव्हतं. आम्हाला वर्षभर खाकी म्हणत होते तेव्हा पाण्याचा ग्लास कुठून आला नाही.

दुसऱ्या दिवशी रेवाच्या आईनं माझ्या आईला दारातूनच सांगितलं, "उद्यापासून नको येऊस." आई घरी आली, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "दुसरं घर पाहू." एवढंच. मला एका शब्दानं बोलली नाही.

नववीला मी महापालिकेच्या शाळेत गेले. तिथल्या प्रयोगशाळेला कुलूप होतं. दहावी झाली तरी ते उघडलं नाही. कांद्याच्या विटा मी पुस्तकातल्या चित्रात बघितल्या. हे मुद्दाम सांगते. नाहीतर कुणीतरी म्हणायचं, बघा, हिंमत केली आणि सगळं छान झालं. छान झालं नाही. माझं नुकसान झालं आणि मला त्याचा अजूनही राग आहे.

आता मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुपारी स्वारगेटला बस बदलून शनिवार पेठेत येते. तिथे लहान मुलांच्या पुस्तकांचं एक दुकान आहे, तिथे काम करते. मालक काका गिऱ्हाईकाला या-बसा म्हणत नाहीत, पण पगार वेळेवर देतात. आणि हो, तसली पुस्तकं आमच्याकडे भरपूर आहेत. आता तर फार चालतात.

गेल्या महिन्यात एक बाई आल्या. हातमागाची साडी. त्या मॅडम नव्हेत, पण आवाज तोच, आजारी माणसाशी बोलतात तसा.

"वस्तीतल्या मुलांना वाटायचीत. सेल्फ-ॲक्सेप्टन्सवरची दाखवा ना काही. आपलेपणा वगैरे. आणि अहो, वरून ब्राऊन पेपर घालून मिळेल का? मुलांना संकोच नको."

मी विचारलं,

"आपल्या घरी मुलं आहेत?"

"मुलगा आहे, नववीत. का?"

मी एक पुस्तक काउंटरवर ठेवलं. "मग हे आधी त्याला न्या."

त्या हसल्या. "त्याला कशाला? त्याला नाही गं असला काही प्रॉब्लेम."

"त्याच्या बाकावर वस्तीतलं कोण बसतं?"

त्यांचा चेहरा बदलला. आवाजातला मऊपणा गेला, साडी तेवढी राहिली. काकांकडे वळून म्हणाल्या, "अहो, गिऱ्हाईकाशी बोलायची काही पद्धत आहे का हिला?" आणि पायऱ्या उतरून गेल्या.

काकांनी पेपरातून डोकं काढलं. "मोठं गिऱ्हाईक घालवलंस."

"हो."

"उद्या दुसरी कुणी आली तर?"

"तिलाही हेच विचारणार."

काका परत पेपरात शिरले. काढायचं तर काढतील. दुसरं दुकान पाहू.

खाकी कागदाची गुंडाळी काउंटरखाली आहे. वह्यांना घालून देते मी, कोपरे नीट दुमडून. त्या पुस्तकांना घालणार नाही. आणि त्यातलं पहिलं पुस्तक बाकावर मध्ये दप्तर ठेवणाऱ्याच्या घरी जाईल, नाहीतर माझ्या हातून एकही जाणार नाही.