मालगुजाराच्या नाकावरची मुंगी

चैत्रात आमच्या पूर्वेकडच्या प्रतापगडाखालच्या जंगलात नाल्याच्या ओल्या मातीवर फुलपाखरं उतरायची. त्यांचा फोटो घ्यायला मी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली घामाघूम होऊन सकाळभर दबा धरून बसायचो. नेमका तेव्हाच गावचा जमीनदार, म्हणजे मालगुजार, त्यांच्यातून घोडा घालायचा. "काऊन, आज कोणतं पाखरू मारून राहिला?" म्हणत खिदळायचा. पाखरं उडायची, काचेची प्लेट वाया जायची आणि मी दातओठ खात राहायचो.

एकदा त्यानं रानडुक्कर मारलं आणि मलाच हुकूम सोडला, "काढ माझा फोटो." जागा मी निवडली. त्याला जांभळीखाली बसवलं. डोक्यावरच्या फांदीत लाल मुंग्यांनी पानं शिवून घरटं केलं होतं. पानं आड येतात म्हणत मी ती फांदी चांगली गदागदा हलवली.

"मालक, सावलीत प्लेटला वेळ लागते. हलले तर तोंड पुसट येईल."

मुंग्या नाकावर उतरल्या, पण चार माणसं बघत होती, म्हणून तो हलला नाही. मी सावकाश आकडे मोजत राहिलो.

लाल मुंगी एकदा चावली की जागची हलत नाही. किड्यांचा इतका स्वच्छ फोटो मला जन्मात दुसरा मिळाला नाही.