कडू ठरलेलं झाड

माझ्या सासरी शिंदीचा धंदा होता. सोलापुराबाहेर ओढ्याकाठी परवान्याची झाडं आणि पेठेच्या टोकाला दुकान. गिरणी सुटली की माणसं तिथं शिंदी प्यायला यायची. घरची भाषा तेलुगू, पण मी सीनेकाठच्या खेड्यात वाढलेली, म्हणून सासरे माझ्याशी मराठीतच बोलत.

आमच्यात एक रीत होती. नव्या झाडाचा पहिला रस घरच्या बाईनं चाखायचा. झाडावर चढणाऱ्या पुरुषानं त्याआधी बोटसुद्धा बुडवायचं नाही. बाईनं मिशरी न लावता, चूळ भरून, कुणाशी न बोलता झाडाखाली यायचं. न बोलणं मला किती जड जातं हे नवरा गावभर सांगत फिरे. पण त्या पहाटा अजून माझ्या स्वप्नात येतात. ओढ्यावर धुकं, वर झावळ्यांची सळसळ, दोरावरून हळूहळू खाली येणारं गाडगं. त्याला कान लावला तर आत झोपलेल्या बाळाच्या श्वासासारखं काहीतरी चाललेलं असायचं. पळसाच्या द्रोणातला घोट जिभेवर फिरवत मी उभी राहायची. पहाटे गोड लागणारी झाडं पुष्कळ; घोट उतरल्यावर मागं काय उरतं ते बघायचं. दुसरा द्रोण सावलीत झाकून ठेवायचा आणि दुपारचा भोंगा झाला, फेस आला, की परत चाखायचा. मग मी झाडाला नातं देई. ही मावशी, ही जाऊ, ही खाष्ट नणंद. नणंदेचा रस रांजणात बेतानंच घालायचा. खऱ्या नणंदेला हे कळलं तेव्हा घरात महाभारत झालं.

बाईनं जे म्हटलं ते झाडाला कायमचं चिकटलं. माझ्याआधी हा मान सासूबाईंचा होता. मी त्यांना पाहिलं नाही. माझ्या लग्नाआधीच त्या गेल्या होत्या.

एका हिवाळ्यात बरीच झाडं विसाव्याला सोडली होती. शिंदीला रसासाठी दरवर्षी खाच पाडली तर ती मरते. तेव्हा नवी झाडं बघणं आलं. नवऱ्याचा डोळा ओढ्याच्या वळणावरच्या झाडावर होता. बाकीच्यांच्या अंगावर वर्षाआडच्या खाचा, हिच्या अंगावर एकच, जुनी. सासऱ्यांनी त्याला बजावलं होतं, ती कडू हाय, तुझी आई तसं बोललीया. पण नवरा ऐकणाऱ्यातला नव्हता, आणि मला त्यानं यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

मी पहाटेचा घोट घेतला आणि डोळे मिटले. असा रस मी तोवर चाखला नव्हता. दुपारी तर तो आणखी खुलला; फेस दाट, आंबटपणा नावाला. हिला लेक म्हणायचं, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात सासरे आले. झाडावरचं गाडगं त्यांनी पाहिलं. नवऱ्यानं मान खाली घातली आणि हे आईनं कडू ठरवलेलं झाड असल्याचं तेव्हा कुठं सांगितलं. गेलेल्या सासूचा शब्द सुनेनं खोटा पाडायचा कसा? कडूच आहे म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण जिभेवर ती गोडी होती आणि सासरे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"गोड हाय, मामंजी. लई गोड हाय."

ते रागावले नाहीत. त्यांनी माझ्या हातातला द्रोण घेतला, एक घोट प्यायले आणि झाडाच्या बुंध्याशी बसले. नवरा काहीतरी बोलू लागला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. मग मला म्हणाले, "तुज्या सासूनं हिचा रस चाखला आन् त्याच उन्हाळ्यात ती तापानं गेली. मंजी ताप तवाच अंगात हुता. तिचं तोंड कडू पडलं हुतं, पोरी, आन् मी झाडाला कडू म्हनत बसलो."

उरलेला रस त्यांच्या हातातल्या द्रोणात फसफसून आंबून गेला, तरी त्यांनी तो खाली ठेवला नाही.