वळवता न येणारी बाई

मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. मुलांच्या कागदावर स्वतःच्या पेन्सिलीने दुरुस्ती करायची मला खोडच होती. त्यातली एक दुरुस्ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

नात सहावीत असताना तिने तालुक्याच्या स्पर्धेसाठी डोक्यावर उसाची मोळी घेतलेली बाई काढली. बेलापूरला आमच्या दारावरून तशा बाया रोज जायच्या. तिच्या बाईला मान जवळजवळ नव्हतीच, पंजे सुपाएवढे, एक पाय फेंगडा. परीक्षक हसतील म्हणून मी ती बाई खोडली आणि वर्गात गिरवायला देत असे तशी सडपातळ, सुबक बाई काढली. नातीला म्हणालो, "रेषा जरा ठळक केल्यात." तिला ते खरंच वाटलं; तिने खाली आपलं नाव घातलं. पहिला नंबर आला. चित्र आणि प्रमाणपत्र भिंतीवर लागलं.

आता ती पुण्याला कॅरेक्टर डिझाइन, म्हणजे कार्टूनमधली पात्रं घडवायला, शिकते. सुट्टीत एक काम घेऊन आली होती: आपल्या गावातलं एक पात्र घ्यायचं आणि समोरून, बाजूने, पाठीमागून काढायचं. तिने भिंतीवरचीच बाई घेतली. चार दिवस कागद फाडत होती.

"समोरून छान दिसते आबा, पण वळवली की मरते. सहावीत मला जमत होतं आणि आता जमत नाही. मी कोर्स सोडते."

"जेवून तर घे."

"तुम्हाला काय जेवणाचं पडलंय!"

मी ओट्यावर गेलो, परत आत आलो, पुन्हा बाहेर. चहा दोनदा निवला. तिने बॅग भरायला काढली तेव्हा म्हणालो, "ती बाई तुझी नाही. मी काढलीय."

ती हसली. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि हसू गेलं. फ्रेमचे खिळे तिने उलथन्याने काढले, कागद खिडकीशी तिरपा धरला. लहानपणी ती पेन्सिल फार दाबायची. खोडलेल्या रेषांच्या खाचा अजून होत्या. तिने मऊ पेन्सिल आडवी धरून हलकी फिरवली, तशी माझ्या बाईच्या दोन्ही बाजूंनी पांढरे, मोठे पंजे वर आले.

"अख्खी खोडली होती तुम्ही," ती म्हणाली. "आणि मी तुमच्या बाईच्या मागं लागले होते इतकी वर्षं."

मी माफी मागायला लागलो.

"आधी उजेडातून बाजूला व्हा."

बॅग तशीच उघडी राहिली. ती जमिनीवर बसून काढत होती, स्वतःशीच पुटपुटत होती, "भार मानेवर, म्हणून मान आत. म्हणून पाय असा."

प्रमाणपत्रावर तिचं नाव आहे. तो नंबर माझा होता, तिचा नव्हे. हे लिहून ठेवतोय.

दुपारी राहवेना म्हणून डोकावलो. बाई पाठमोरी झाली होती एवढंच दिसलं. नातीने चटकन कागदावर हात आडवा धरला. वर्गात माझी चाहूल लागली की पोरं असाच हात धरायची. मी त्यांना ओरडायचो.