आत्याचा काढा आणि ताईची किडनी

रविवारी कात्रजला भाऊजींकडे ताईचं वर्षश्राद्ध होतं. मी कोथरूडहून बसने गेले... मनगट सुजलं की स्कूटीचा ब्रेक दाबता येत नाही.

सहा वर्षांपूर्वी ताईने मला तिची एक किडनी दिली. गेल्या वर्षी ती अपघातात गेली. किडनी माझ्याकडेच राहिली. ती परकी आहे म्हणून शरीराने तिच्या जिवावर उठू नये, यासाठी रोज गोळ्या घेऊन मी प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली ठेवते.

तरीही संधिवात झालाच, रुमॅटॉइड. म्हणजे तीच प्रतिकारशक्ती आता सांध्यांच्या मागे लागली आहे. नेहमीच्या पेनकिलर किडनीला चालत नाहीत. एक गोळी बदलायची तरी सांध्यांचे डॉक्टर आधी किडनीच्या डॉक्टरांना फोन करतात. जपून, हळूहळू चाललंय...

जेवणं झाल्यावर आत्या पेला घेऊन आली. गुळवेलीचा काढा.

"इम्युनिटी कमी पडते ना गं तुझी, म्हणून हे सगळं. महिनाभर घे, बोटं सरळ होतील. डॉक्टर काय, जन्मभर गोळ्याच देणार."

मी नको म्हटलं. "आजच्या दिवशी नाही म्हणू नये," म्हणत तिने पेला हातात दिलाच. सगळे बघत होते. मी चारचौघांत कधी बोलत नाही. वर्षभर ताईबद्दलही कुणाशी बोलले नाही.

त्या दिवशी बोलले. "आत्या, माझी इम्युनिटी वाढली तर ती ताईच्या किडनीवर धावून जाईल. तिचं एवढंच उरलंय. तेही आजच उरकायचंय का?"

भाऊजी उठले, माझ्या हातातला पेला घेऊन त्यांनी बेसिनमध्ये ओतला. मग आत्याला म्हणाले, "हिला पाणी द्या फक्त. तिला पाणी भरपूर लागतं."

हिला म्हणजे मला. तिला म्हणजे कोणाला, ते मी विचारलं नाही. दोन तांबे पाणी प्यायले.

आज सकाळी बोटं वळत नव्हती. गोळ्यांची स्ट्रिप कात्रीने कापली आणि आठच्या गोळ्या आठलाच घेतल्या.

तेव्हा कृपया काढे, चूर्णं, ओळखीतले वैद्य सुचवू नका. सांध्यांशी जे भांडायचं ते मी भांडते आहे, दोन्ही डॉक्टरांना विचारून... त्यात ताईला मध्ये घालायचं नाही.